दोन तारे म्हणजे लेफ्टनंट नव्हे: आजोबांच्या ट्रंकेतल्या जर्मन खुणा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ कळेल. तुमचे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधून १९४४ साली इटलीत लढले. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत तीन जर्मन वस्तू निघाल्या. पहिली म्हणजे गडद हिरव्या कापडाची खांदपट्टी. तिला कडेने पांढरी गोट आहे, आत चारही बाजूंनी चंदेरी फीत आणि मधोमध एक चौकोनी तारा. दुसरी वस्तू म्हणजे दोन फितींचा, टोक खाली असलेला त्रिकोणी तुकडा. तिसरी, एका जर्मन अधिकाऱ्याचा पोस्टकार्डाएवढा फोटो, खांद्यावर दोन तारे. घरात या सगळ्याला ‘कर्नलचा बिल्ला’ म्हणतात. तुम्ही मात्र आपल्या लष्कराच्या हिशोबाने अंदाज बांधलात: एक तारा सेकंड लेफ्टनंट, दोन तारे लेफ्टनंट, दोन फिती नाईक. आणि या तिन्ही वस्तू एकाच माणसाच्या असतील का, असंही विचारलंत.

आधी उत्तर. खांदपट्टी पायदळातल्या फेल्डवेबेलची आहे, म्हणजे अधिकाऱ्याची नव्हेच. दोन फिती ओबरगेफ्रायटरच्या, म्हणजे अनुभवी शिपायाच्या. फोटोतला माणूस हाउप्टमान, म्हणजे कॅप्टन. तीन हुद्दे, बहुधा तीन वेगवेगळी माणसं. तुमचे तिन्ही अंदाज चुकले, आणि तिन्ही एकाच कारणाने चुकले. आपण भारतीय माणसं गणवेश पाहिला की आधी तारे मोजतो. लहानपणापासून फौजदाराच्या खांद्यावरचे दोन तारे पाहून डोळ्याला तेच वळण लागलेलं असतं. जर्मन खांद्यावर तारे शेवटी मोजायचे असतात. आधी पाहायची ती पट्टी: कशाची आहे, कशी विणली आहे.

ब्रिटिश पद्धतीत, म्हणजे आपल्याही पद्धतीत, तारा हीच हुद्द्याची मुख्य खूण. पट्टी साधी कापडाची, तिच्यावर एक, दोन, तीन तारे चढत जातात. प्रशियाची आणि पुढे सगळ्या जर्मनीची रीत वेगळी. तिथे पट्टी माणसाचा वर्ग सांगते, आणि तारा सांगतो त्या वर्गातली पायरी. प्रत्येक वर्गातली पहिली पायरी बिनताऱ्याची. त्यामुळे लॉयटनांटच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या अधिकाऱ्याच्या, खांद्यावर एकही तारा नसतो, मेजरच्या खांद्यावर नसतो आणि मेजर जनरलच्याही नसतो. तिघांची पट्टी मात्र तीन तऱ्हेची असते, म्हणून जर्मन शिपायाचा कधी गोंधळ होत नसे. गोंधळ होतो तो आपला.

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन भूदलात असे पाच वर्ग खांद्यावरून ओळखू येतात. साध्या शिपायाची पट्टी कोरी, फक्त कडेला रंगीत गोट. शिपायातून वर चढलेल्या हुद्देदारांची, म्हणजे आपल्या नाईक-हवालदारांच्या जागच्या माणसांची, पट्टी तीच; पण तिच्यावर चंदेरी विणीची फीत. या फितीला जर्मनमध्ये ट्रेसे म्हणतात. भूदलातली ट्रेसे साधारण ९ मिलिमीटर रुंद असते आणि भिंगातून पाहिलं तर तिच्या विणीत बारीक शंकरपाळे दिसतात. कॅप्टनपर्यंतच्या अधिकाऱ्यांची पट्टी कापडाची नसतेच. चंदेरी दोऱ्या शेजारी शेजारी ठेवून, बटणाभोवती वळवून ती केलेली असते. आणि मेजरपासून कर्नलपर्यंत याच दोऱ्यांचा गोफ विणलेला. जनरलचा गोफही असाच, पण सोनेरी आणि चंदेरी पेड एकत्र, खाली लाल भडक कापड. गोफ हा आपला शब्द इथे इतका चपखल बसतो की मी गेली पंचवीस वर्षं वर्गात आणि लोकांना समजावताना तोच वापरतो: सरळ दोऱ्या म्हणजे कॅप्टनपर्यंतचा, गोफ म्हणजे मेजरपासून वरचा.

आता तुमची पट्टी हातात घ्या. फीत फक्त दोन्ही बाजूंना आणि बटणाकडच्या टोकाला असती, दंडाकडची बाजू उघडी असती, तर हा माणूस उंटरऑफिझियर, म्हणजे सगळ्यात खालचा हुद्देदार, ठरला असता. तुमच्या पट्टीवर फीत दंडाकडूनही बंद आहे, चौकट पुरी झालेली आहे. बंद चौकट, तारा नाही: उंटरफेल्डवेबेल. बंद चौकट, एक तारा: फेल्डवेबेल. दोन तारे: ओबरफेल्डवेबेल. तीन: श्टाब्सफेल्डवेबेल. ताऱ्याचा रंगही पाहा. हुद्देदाराचा तारा पांढऱ्या धातूचा असतो. अधिकाऱ्याचा सोनेरी असतो, कारण चंदेरी दोऱ्यांवर तो उठून दिसायला हवा. तुम्ही पाठवलेल्या पट्टीच्या फोटोत तो राखाडी पडलेला दिसतो, म्हणजे पांढरा धातूच.

पांढरी गोट म्हणजे पायदळ. या रंगाला वाफेनफार्बे, म्हणजे दलाचा रंग म्हणत. तोफखान्याचा लाल, रणगाड्यांचा गुलाबी, घोडदळाचा सोनेरी पिवळा, संदेशवाहकांचा लिंबासारखा पिवळा, पायोनियरांचा, म्हणजे फौजी इंजिनिअरांचा, काळा, डोंगरी पलटणींचा फिका हिरवा, वैद्यकीय दलाचा गडद निळा. रंगाचा हुद्द्याशी संबंध नाही. पुष्कळ लोक ‘लाल गोट म्हणजे जनरल’ समजतात. जनरलच्या खाली लाल असतं हे खरं, पण तोफखान्याच्या साध्या शिपायाच्या पट्टीलाही लाल गोट असते.

गडद हिरवं कापडही काही सांगून जातं. युद्धाच्या सुरुवातीच्या काळापर्यंत खांदपट्ट्या या बाटलीच्या रंगाच्या हिरव्या कापडात होत. पुढे कोटाच्याच करड्या कापडात होऊ लागल्या, आणि चकाकणाऱ्या ट्रेसेच्या जागी मंद राखाडी फीत आली. १९४४ साली इटलीत असलेल्या माणसाकडे जुनी हिरवी पट्टी असणं यात काही वावगं नाही. जुन्या नोकरीचे लोक आधीची चांगल्या कापडाची पट्टी जपून नव्या कोटावर लावत. मला तरी ही पट्टी मुरलेल्या, जुन्या माणसाची वाटते. तुम्ही ताऱ्याच्या खाली दोन बारीक भोकं आणि कापडाचा जरा गडद राहिलेला ठसा आहे असं लिहिलंत, ते मी फोटो मोठा करून पाहिलं. तिथे रेजिमेंटचा आकडा होता. फेल्डवेबेल आणि त्याच्या वरच्या हुद्देदारांचा आकडा धातूचा असे, मागे पाय असत, ते कापडातून आत वळवत. त्याच्या खालच्यांचा आकडा दोऱ्याने भरलेला असे. युद्ध सुरू झाल्यावर शत्रूला पलटण कळू नये म्हणून हे आकडे काढायला लावले. तुमच्याकडच्या भोकांचा अर्थ हाच. ही दोन भोकं कुणाला दाखवून ‘खराब झालंय’ असं ऐकू नका. पट्टी खरी असल्याचा तो चांगला पुरावा आहे.

फेल्डवेबेल म्हणजे नेमका कोण, हे सांगायला मला आवडेल, कारण ‘कर्नल नव्हता’ हे ऐकून तुमच्या घरात थोडी निराशा होईल. जर्मन पायदळाच्या कंपनीत बऱ्याच प्लाटूनी फेल्डवेबेल किंवा ओबरफेल्डवेबेलच चालवत. अधिकारी पडत गेले तसं हे प्रमाण वाढतच गेलं. आपल्या बाजूला, आजोबांच्या पलटणीत, प्लाटून जमादाराच्या हाताखाली असायची, आणि जमादाराच्या खांद्यावर त्या काळी एकच तारा. दोन्ही सैन्यांत त्यांचं स्थान तंतोतंत सारखं नव्हतं. जमादाराला व्हाइसरॉयचं कमिशन असे, फेल्डवेबेलला कमिशन नव्हतं. पण समोरासमोरच्या दोन मोर्चांत तीस-चाळीस माणसांना नावानिशी ओळखणारे, रात्री पहारे लावणारे हे दोघेच. १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर खोऱ्यात तुमच्या आजोबांच्याच बटालियनचे नाईक यशवंत घाडगे एकट्याने जर्मन मशीनगनच्या मोर्चावर चालून गेले आणि तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तसल्या मोर्चांमागे असेच फेल्डवेबेल असत. तुमची पट्टी त्याच लढाईतली आहे असं मी म्हणत नाही, तसा कुठलाही पुरावा नाही. पण पट्टीचं वजन समजायला हे माहीत असलेलं बरं.

आता दोन फितींचा तुकडा. आपल्याकडे दोन फिती म्हणजे नाईक, आणि नाईक म्हणजे हुद्देदार. जर्मन भूदलात डाव्या बाहीवरच्या या व्ही आकाराच्या फिती हुद्देदाराच्या नव्हेत, शिपायाच्याच. एक फीत गेफ्रायटर, दोन फिती ओबरगेफ्रायटर, दोन फितींबरोबर तारा असेल तर श्टाब्सगेफ्रायटर. हुद्देदार झाला की बाहीवरची फीत जाते आणि खांद्यावर व कॉलरला ट्रेसे येते. तरी ओबरगेफ्रायटर कुणी ऐरागैरा नसे. बढतीच्या परीक्षांत न पडलेला, पण तीन-चार वर्षं लढाई पाहिलेला माणूस असे तो. जर्मन शिपाई त्याला सैन्याचा कणा म्हणत. याच जागी एक नेहमीची चूक दुरुस्त करतो. पहिल्या महायुद्धातल्या हिटलरला आपल्या पुस्तकांत सर्रास ‘कॉर्पोरल’ किंवा ‘नाईक’ लिहितात. तो गेफ्रायटर होता. त्याच्या हाताखाली कुणी माणसं नव्हती, आणि त्या काळी गेफ्रायटरची खूण बाहीवरची फीतही नव्हती. कॉलरच्या दोन्ही बाजूंना एकेक बटण असे.

पहिल्या महायुद्धाचा विषय निघालाच आहे तर तेवढं सांगून टाकतो, कारण फ्रान्समध्ये लढलेल्या भारतीय पलटणींतून आलेल्या वस्तूही लोक दाखवायला आणतात. कैसरच्या काळातल्या शिपायाच्या किंवा हुद्देदाराच्या कापडी खांदपट्टीवर फक्त रेजिमेंटचा आकडा किंवा राजाचं अक्षर असतं. हुद्दा तिच्यावर नसतो, तो कॉलरच्या आणि मनगटाच्या फितीवर, बटणांवर असतो. नुसती पट्टी हाती असेल तर पलटण कळेल, हुद्दा कळणार नाही. अधिकाऱ्यांच्या दोऱ्या आणि गोफ मात्र तेव्हाही तसेच वाचायचे. ही रीत प्रशियात १८६६ च्या सुमारास आली. त्याआधीच्या मोठ्या झालरीच्या खांदेपट्ट्या लांबून चमकत आणि रणांगणावर अधिकारी नेमका टिपला जाई.

फोटोकडे वळू. हा भाग मला सगळ्यात जपून लिहावा लागतोय, कारण फोटो फसवतो. तुमच्या फोटोत डाव्या खांद्यावर प्रकाश तिरका पडलाय, त्यामुळे दोऱ्यांच्या कडा स्वच्छ दिसतात. त्या सरळ जातात, एकमेकींवरून जात नाहीत. सरळ दोऱ्या आणि दोन तारे: हाउप्टमान. तेच दोन तारे गोफावर असते तर तो ओबर्स्ट झाला असता, म्हणजे खरोखरच कर्नल. घरातली ‘कर्नल’ची आठवण कदाचित याच फोटोवरून आली असेल: कुणीतरी जाणकाराने दोन तारे पाहिले आणि वीण पाहिली नाही. कॅप्टन आणि कर्नल यांच्यात फरक एवढाच, दोऱ्यांची वळणं. म्हणून फोटो स्कॅन करताना निदान बाराशे डीपीआयवर करा आणि खांद्याचा भाग वेगळा मोठा करून पाहा.

फोटो उलटा छापलेला नाही ना, हेही पाहून घेतलं. भूदलाच्या कोटावर गरुड माणसाच्या उजव्या छातीवर असतो. तुमच्या फोटोत तो उजवीकडेच आहे. गोटीचा रंग मात्र काळ्यापांढऱ्या फोटोवरून ठरवू नका. त्या काळच्या काही फिल्मना लाल रंग दिसतच नसे. त्यात लाल आणि पिवळा काळपट उतरतात, निळा फिका उतरतो. ‘गडद दिसते म्हणजे काळी गोट, म्हणजे पायोनियर’ असं म्हणणाऱ्यांना मी नेहमी थांबवतो. तो तोफखान्याचाही असू शकतो. तुमच्या हाउप्टमानचं दल मी म्हणूनच सांगत नाही.

कॉलरवरच्या दोन समांतर पट्ट्यांना लिट्झेन म्हणतात. भूदलात त्यांवरून हुद्द्याची पायरी कळत नाही. अधिकाऱ्याच्या चकचकीत भरतकामाच्या आणि शिपायाच्या राखाडी विणीच्या, एवढाच फरक. हवाईदलाचं वेगळं: तिथे कॉलरवर उडते पक्षी असतात, आणि ते मोजायचे असतात. एसएसचा, म्हणजे नाझी पक्षाच्या सशस्त्र संघटनेचा, हुद्दा डाव्या कॉलरवर, आणि हुद्द्यांची नावंही निराळी. एसएसची वस्तू कधी घरात निघाली तर तिची चर्चा करताना ती कोणत्या संघटनेची आहे हे विसरून फक्त कलाकुसरीचं कौतुक करू नये, असं मला मनापासून वाटतं. ती छळछावण्या चालवणारी संघटना होती.

जर्मन गणवेशातले भारतीयही होते, याची आठवण तुमच्यासारख्या घरांत अनेकदा निघते. उत्तर आफ्रिकेत पकडलेल्या भारतीय युद्धकैद्यांतून सुभाषबाबूंच्या प्रयत्नाने जर्मनीत फ्री इंडिया लीजन उभी राहिली. जर्मन यादीत ती ९५० क्रमांकाची पायदळ रेजिमेंट. तिच्या बाहीवर तिरंगा, झेप घेणारा वाघ आणि ‘फ्रायेस इंडियन’ ही अक्षरं असलेली ढाल असे. हुद्द्याच्या खुणा मात्र पूर्णपणे जर्मन. त्यामुळे पगडी घातलेला शीख जवान, बाहीवर वाघ आणि डाव्या बाहीवर दोन फिती असा फोटो दिसला तर तो नाईक नव्हे, ओबरगेफ्रायटरच वाचायचा. तुमच्या आजोबांचा या लीजनशी संबंध नाही. ते समोरच्या बाजूला होते.

एक स्वतःची चूक सांगतो, कारण तुम्ही पुढे बाजारात काही घ्यायला जाल तेव्हा ती उपयोगी पडेल. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका संग्राहकाने चंदेरी सरळ दोऱ्यांची, दोन ताऱ्यांची पट्टी माझ्यापुढे ठेवली. मी बेधडक ‘हाउप्टमान’ म्हणालो आणि त्यांनी ती त्या भावाने विकत घेतली. घरी येऊन मनात खटकत राहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिली. दोऱ्या कृत्रिम धाग्याच्या, अस्तर ताठ, कडक. ती पूर्व जर्मनीच्या सैन्याची होती. १९५६ साली उभ्या राहिलेल्या त्या सैन्याने दोऱ्यांची जुनी जर्मन पद्धत ठेवली, पण तारे मोजायची रीत रशियन घेतली. तिथे एक तारा उंटरलॉयटनांट, दोन लॉयटनांट, तीन ओबरलॉयटनांट, चार हाउप्टमान. म्हणजे मी ज्याला कॅप्टन म्हणालो तो लेफ्टनंट होता, आणि वस्तू दुसऱ्या महायुद्धाची नव्हतीच. मी त्यांना तेव्हाच फोन करून सांगितलं, पण पैसे गेले ते गेले. १९९० नंतर या सैन्याचं सामान जगभर स्वस्तात विकलं गेलं, त्यामुळे ते कुठेही समोर येऊ शकतं. तेव्हापासून पट्टी उलटी करून पाठ पाहिल्याशिवाय मी तोंड उघडत नाही.

खरीखोटी तपासायला नोटा तपासतात तो जांभळ्या प्रकाशाचा दिवा कामाला येतो. हल्लीच्या धाग्यांत उजळपणा आणणारी रसायनं असतात, ती त्या दिव्याखाली निळसर पांढरी पेटल्यासारखी दिसतात. पण जुनं कापड कुणी कपड्यांच्या पावडरीत धुतलं असेल तर तेही चमकतं. म्हणून चमकलं म्हणजे खोटं, असं लगेच ठरवू नका. आधी शिवण पाहा.

आणि आता कळकळीची विनंती. ट्रेसे काळपट पडली म्हणून तिला चिंच किंवा भांडी घासायची पावडर लावू नका. तो अ‍ॅल्युमिनियमचा धागा आहे, चांदीचा नव्हे. घासला की तुटतो आणि पुन्हा चकाकत नाही. कापड लोकरीचं आहे, त्यामुळे कसर लागेल. डांबराच्या गोळ्या ठेवायच्या तर कापडाला आणि ताऱ्याला टेकू देऊ नका. त्यापेक्षा वरचेवर उघडून हवा दाखवणं चांगलं. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका, पावसाळ्यात आत दमट राहून बुरशी येते. आम्लरहित कागदात सपाट ठेवा, घडी घालू नका.

त्याच कागदाबरोबर एक टिपण ठेवा: वस्तू कुणी आणली, कोणत्या ट्रंकेत होती, कुणी काय सांगितलं होतं, ‘कर्नलचा बिल्ला’ हे घरातलं नावसुद्धा. आजोबांच्या नोकरीची नोंद बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या रेकॉर्ड कचेरीत मागता येते. नंबर आणि नाव दोन्ही द्या. फेल्डवेबेलचं नाव मात्र पट्टीवरून कधीच कळणार नाही. हाउप्टमानच्या फोटोच्या मागे नाव किंवा जन्मतारीख असेल तर आशा आहे: जर्मन सैनिकांच्या वैयक्तिक नोंदी २०१९ पासून जर्मनीच्या संघीय अभिलेखागाराकडे आहेत आणि बर्लिनला चौकशी करता येते. तुम्ही फोटोची फक्त पुढची बाजू पाठवलीत. मागची बाजू आणि पट्टीची पाठ, दोन्ही खिडकीजवळच्या उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून पाठवा. पेन्सिलीचं पुसट लिखाण असेल तर कागद तिरका धरून दोन-तीन कोनांतून घ्या.